माझ्याच पानावरची जाहिरात

धारगळला घरात बसून मी स्वयंपाकाच्या कृतींची छोटी वेबसाइट चालवते. जाहिरातदार मी कधी शोधले नाहीत. पानावर जागा मोकळी सोडायची आणि जाहिराती पुरवणाऱ्या मधल्या कंपनीचा कोड तिथे चिकटवायचा, बाकीचं ती कंपनी बघते. कुणी पान उघडलं की त्याच क्षणी त्या जागेचा लिलाव होतो. बघणाऱ्याने आधी काय शोधलं होतं, त्यावरून जाहिरातदार बोली लावतात. हे मला ठाऊक होतं. ते मलाही लागू आहे, हे मात्र मनात आलं नव्हतं.

एकदा आंघोळ करताना छातीत डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. घरात कुणाला बोलले नाही. नवरा वास्कोला बंदरावर कामाला, सुट्टीलाच यायचा. दुपारी दार लावून मी फोनवर त्याबद्दल शोधून शोधून वाचत बसायचे.

त्यातच मोठ्या जावेने सुरण, कणगं घालून खतखतं, म्हणजे मिसळीची भाजी, करायला घेतलं. प्रमाण बघायला तिने माझा फोन मागितला. मी माझंच पान उघडून दिलं. वाचता वाचता ती थांबली.

"गो, ह्यां काय? सुरणाच्या खाली कॅन्सरचा हॉस्पिटल?"

मी वाकून पाहिलं. ‘स्तनातली गाठ अंगावर काढू नका.’ वाटलं, पान वाचणाऱ्या सगळ्यांना हेच दिसतंय. मग आठवलं, ज्याला त्याला वेगळं दिसतं. म्हणजे ही फक्त माझ्यासाठी आली होती. त्याने भीती वाढलीच.

"जाहिरात आहे. आपोआप येते," मी म्हटलं.

"माझ्या फोनार साडयेच येतत." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू काय शोधी होतंस?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला, हात पुसले.

"साडी बदल. म्हापशाक जाव्या."

तिथे डॉक्टरांनी सुई घालून गाठीतला नमुना तपासणीला घेतला. मी पुन्हा वाचत बसू नये म्हणून रिपोर्ट येईपर्यंत जावेने माझा फोन स्वतःजवळ ठेवला. तरी फोन वाजला की मी हातातलं काम टाकून उठायचे. कळल्यावर नवरा रजा काढून आला आणि म्हापशाहून रिपोर्ट घेऊन आला. गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलंय. त्या जाहिराती अजून येतात. मी तिकडे न बघता पान पुढे सरकवते.