पालथा मरतो म्हणाला

“अहो पैलवान, मरा! काळे कपडे घातलेत ना तुम्ही? मग मरा की आता!”

किल्ल्याचा मालक बुरुजावर उभा राहून पत्र्याच्या भोंग्यातून बोंबलत होता. खाली अंगणात माझा मामा कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या भोवती माझ्यासकट आमच्या गावची सगळी तरणी माणसं मरून पडली होती आणि मेल्या मेल्या माना वर करून मामा काय करतो ते बघत होती.

“मरतो की,” मामा म्हणाला. “पर पालथा मरतो.”

हा किल्ला काही खरा नव्हे. एका सिनेमा कंपनीनं शूटिंगसाठी माणच्या माळावर बांबू, तरट आणि रंग लावून तो उभा केला होता. इतका हुबेहूब, की कावळे तटावर टेकायला यायचे आणि तरट फाटून थेट आत पडायचे. कंपनी गेली, किल्ला राहिला. पुण्याच्या एका हिकमती गृहस्थानं तो तसाच विकत घेतला आणि दरवाजावर पाटी ठोकली : ‘सिनेमाचा किल्ला. आत या, लढा, मरा, फोटो काढा.’ तिकीट काढलं की सिनेमातले कपडे अंगावर चढवायला मिळत, लाकडी तलवार मिळे, रंगवलेल्या चंद्राखाली पुठ्ठ्याच्या नटीला खेटून उभं राहता येई. आमच्या गावचा एक म्हातारा त्या नटीपाशी असा काही रमला, की त्याला न्यायला घरून सून आली.

दुपारी लढाई. पिवळे कपडेवाले किल्ला राखणार, काळे कपडेवाले चाल करून येणार आणि मरणार. पडताना कुणाचं कंबरडं मोडू नये म्हणून अंगणभर लाकडाचा भुसा पसरलेला. थर असा, की पोटऱ्या बुडाव्यात. तो नाकात गेला की दोन्ही सैन्यं एकदम शिंकायची. अशाच एका शिंकेनं किल्ल्याचा दरवाजा उघडलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

त्या दिवशी पिवळे कपडे माणच्या लोकांना मिळाले आणि काळे आम्हांला. घोळ तिथंच झाला.

कारण माझा मामा म्हणजे पंचक्रोशीतला पैलवान. त्याच्या पाठीला कधी माती लागली नव्हती. लागू नये म्हणून तो झोपायचासुद्धा कुशीवर. आजी सांगायची, बाळपणी पाळण्यात उताणा ठेवला की हा रडून घर डोक्यावर घ्यायचा. आणि त्याची सोयरीक ठरली होती माणच्याच एका पंचाच्या लेकीशी. आसपासच्या सगळ्या जत्रांत कुस्त्यांचा निवाडा हाच माणूस करायचा. तरुणपणी स्वतः पैलवान, त्याचीही पाठ उभ्या जन्मात लागली नव्हती. साखरपुड्यातच त्यानं चारचौघांत बजावलं होतं, “पाठ लागल्याला जावई आमच्या उंबऱ्याच्या आत यायचा न्हाई. लगीन लागल्यावर लागली, तर लेक माघारी आणीन.” आणि आत्ता हा पंच लेकीला घेऊन समोरच्या बाकड्यावर भेळ खात बसला होता.

“पालथं चालणार नाही!” मालक ओरडला. “फोटोत तोंड दिसलं पाहिजे. उताणे पडा!”

“मान वळवून पडतो.”

“अहो, मेलेला माणूस मान वळवतो का?”

“आमच्यात वळवत्यात.”

पिवळ्यांतून एकजण खिंकाळला, “आरं, त्यो मराय न्हाई भीत, आमच्या जत्रंतल्या कुस्तीला भितोय! आत्ताच पाठ टेक म्हनावं, तितं टेकायचीच हाय!”

मामाचे कान लाल झाले. तरी तो जागचा हलला नाही. पण मालकाचा धीर सुटला. त्यानं आपल्या पगारी नायकाला खूण केली. हा नायक काजळाच्या मिश्या काढलेला, कमरेनं बारीक. त्यानं मागून येऊन तलवारीचा असा दणका मामाच्या टाळक्यात हाणला, की तलवारीचे दोन तुकडे झाले. मामाच्या कपाळावरून रक्ताची धार नाकावर आली. ती त्यानं जिभेनं चाखली.

“खरंच मारतोय की ह्यो,” मामा म्हणाला.

एवढं ऐकलं आणि आम्ही सगळे मेलेले एकदम उठलो.

मग जे झालं त्याला लढाई म्हणणं म्हणजे पुराला ओघळ म्हणणं. तलवारी पहिल्याच झटक्यात मोडल्या, मग लोकांनी तटाचे बांबू उपसले. एकाचे पुढचे दात भुशात पडले आणि ते शोधायला तो वाकला, तर त्याच्या बोटांवर दोन्ही गावं नाचून गेली. एका पिवळ्यानं माझ्या कानाचा चावा घेतला. मी त्याच्या नाकावर डोकं दिलं. ते नाक पुढं जन्मभर आमच्या गावाच्या दिशेला वळलेलं होतं, कुणालाही विचारा. कुणाचा खांदा निखळला, कुणाची भुवई फाटून डोळ्यावर लोंबली. पुठ्ठ्याच्या नटीचं मुंडकं उडून चंद्रावर बसलं. भुसा इतका उडाला, की बाप कोण, भाऊ कोण ओळखू येईना. जो शिंकेल त्याला हाणायचं, एवढाच कायदा उरला.

पंचाला हे बघवेना. भेळेचा कागद लेकीच्या हातात देऊन तो मध्ये शिरला. “सोडा! सोडा म्हंतो ना!” असं त्याचं चालू होतं, तेवढ्यात मामानं नायकाला कमरेला धरून डोक्यावर उचललं, गरगर फिरवलं आणि दिलं भिरकावून. नायक मिश्यांसकट उडाला तो थेट पंचाच्या छातीवर. दोघंही आडवे. पंच उताणा, त्याच्यावर नायक पालथा.

मामानं ते पाहिलं. “मामंजी!” म्हणून तो धावला. त्याच वेळी, खालचे बांबू उपसल्यामुळं आधीच डुलणारा बुरूज कडाकडा मोडला आणि भोंगा, मालक आणि तरट या सगळ्यासकट मामाच्या अंगावर आला.

धुरळा बसला. मालक तरटात गुंडाळलेला, तोंडातून रक्त गाळत “मेलो, मेलो” करत होता. फोटोला आता अगदी बरोबर मेला होता. आणि त्याच्याखाली माझा मामा, उताणा. दोन्ही खांदे टेकलेले. असं दृश्य त्या मुलखानं कधी पाहिलं नव्हतं.

“लागली! पाठ लागली!” माणचे लोक फुटक्या तोंडांनी ओरडायला लागले. “पंच, निकाल द्या! सोयरीक मोडली!”

पंच नायकाला बाजूला सारून उठला. तो मामापाशी आला, त्याला उठवून बसवलं आणि मागं जाऊन त्याची पाठ न्याहाळू लागला. मामानं डोळे मिटले. मरा म्हटलं तरी उभा राहिलेला तो माणूस, आता त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते रक्तात मिसळून गुलाबी ओघळत होतं.

बाकड्यावरून लेक आली. हातातला भेळेचा कागद तिनं अजून सोडला नव्हता. बापाच्या मागं जाऊन तिनं पदरानं त्याचा सदरा एकदाच झटकला, आणि भुसा भुरूभुरू खाली पडला.

“आबा,” ती हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, “तुमच्याबी पाठीला हायच की.”

पंचानं हात मागं नेऊन आपली पाठ चाचपली. मग मामाची चाचपली. दोन बोटांत चिमूटभर घेऊन चोळली, नाकाशी नेली, शिंकला.

“भुसा हाय,” तो म्हणाला. “माती न्हाई.”