नको म्हटलेली खुर्ची

कोणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं, ही रीत मी माहेरी शिकले आणि नवरा त्याच्या घरी. चहा घेणार? नको, आत्ताच झाला. मग समोरच्यानं म्हणायचं, असं कसं, अर्धा कप तरी घ्या. मग घ्यायचा. दोन्हीकडची माणसं मराठी असली की हे सुरळीत चालतं. पण कोरोनानं सगळं बंद होतं त्या वर्षी, दुबईत, अल कुसैसमध्ये, याच रीतीपायी माझ्या मुलीची शाळेतली खुर्ची गेली. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो घालवायची मला मुळीच घाई नाही.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट. नवरा धान्य-दूध पुरवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात. सगळे घरी बसले होते तेव्हा आम्ही दोघं रोज कामावर जात होतो, कारण लोकांना तपासण्याही हव्या होत्या आणि दूधही. मुलगी तिसरीत. तिची शाळा आता टॅबलेटवर भरत होती. एरवी शाळा सुटल्यावर ती वरच्या मजल्यावरच्या आमच्या शेजारीण वहिनींकडे थांबायची. वहिनींचा फोन आला, "राग मानू नकोस हं, पण तू लॅबमध्ये असतेस आणि आमच्याकडे सासरे आहेत." सासऱ्यांची भीती मला कळत होती. तरी राग मी मानलाच, कारण संध्याकाळी बाल्कनीत उभं राहून हॉस्पिटलवाल्यांसाठी टाळ्या वाजवण्यात याच वहिनी सगळ्यांच्या पुढे असायच्या.

सुरुवातीला आम्ही ड्युट्या उलटसुलट करून निभावलं. मग नवऱ्यालाही दिवसपाळी लागली. आता आठ वर्षांची पोर बंद फ्लॅटमध्ये दिवसभर एकटी राहणार होती. गॅस, बाल्कनी, दाराची बेल, माझ्या डोक्यात दुसरं काही येत नव्हतं.

त्याच सुमारास शाळेतून फोन आला. ज्यांच्या आईबापांना कामावर जाण्यावाचून गत्यंतर नाही, त्या मुलांसाठी शाळा एक वर्ग उघडा ठेवणार होती. मुलांनी तिथे बसून ऑनलाइन तास करायचे, लक्ष द्यायला एक टीचर. फोन नवऱ्याला आला होता. मला त्यानं हे जेवताना, लोणच्याची बरणी पुढे ओढत सांगितलं.

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, नो नो मॅडम, उगाच ट्रबल नको, वी विल मॅनेज."

"आणि त्या?"

"ओके, थँक यू म्हणाल्या." त्यानं बरणीचं झाकण फिरवलं. "परत विचारतील ना?"

"त्या इजिप्तच्या कोऑर्डिनेटर आहेत," मी म्हटलं. "तुझी मावशी नव्हे."

सकाळी मी शाळेला फोन लावला. कोऑर्डिनेटर मॅडम नम्रपणे म्हणाल्या, "युअर हजबंड रिफ्यूज्ड. रूम फुल आहे, खलास." मी फोन ठेवला, लॅबला उशिरा येतेय असं कळवलं आणि मुलीला युनिफॉर्म घालायला सांगितला.

"इज स्कूल ओपन?" तिनं विचारलं.

"आपल्यासाठी उघडतील," मी म्हटलं.

गेटवर वॉचमन म्हणाला, "मैडम, बच्चे अलाउड नहीं हैं."

"भैया, अंदर फोन लगाइए. मैं यहीं खड़ी हूँ."

आणि मी उभी राहिले. ऊन चांगलंच होतं. मुलीला गाडीत एसीत बसवलं होतं, काच थोडी खाली. बऱ्याच वेळानं मॅडम बाहेर आल्या, मास्क आणि हातमोजे घालून. मी सुरुवातच केली, "सॉरी टू डिस्टर्ब यू मॅडम, अ‍ॅक्च्युअली वी डोन्ट वॉन्ट टू..." माझ्याही तोंडून तीच रीत.

गाडीच्या काचेतून आवाज आला, "मम्मा, डोन्ट से सॉरी. जस्ट से वी नीड इट."

मी सॉरी तिथेच सोडलं. मग म्हटलं, "वी नीड इट." हे वाक्य इंग्रजीत बोलताना जिभेला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. मराठीत तर मी ते कधी उच्चारलंच नव्हतं.

मॅडमनी अंतराचे नियम सांगितले. टेबलं मोजून मांडली होती, एकही वाढवता येत नव्हतं. मी म्हटलं, शेजारचे सगळे वर्ग रिकामे आहेत, मधलं दार उघडा आणि तिची खुर्ची पलीकडे मांडा, टीचरला दिसेल अशी. नवऱ्याचा नकार ही आमच्याकडची सभ्यता आहे, हेही सांगितलं. मास्कच्या आत त्या हसल्या असाव्यात. "माझी आईसुद्धा तीनदा नाही म्हटल्याशिवाय कॉफी घेत नाही," त्या म्हणाल्या. "पण हबीबती, बाई गं, शाळेच्या फोनवर?"

"चूक झाली. पण ती चूक माझ्या मुलीनं केलेली नाही."

त्यांनी गाडीकडे पाहिलं. "ओके. संडे, इन्शाल्ला." तिकडे शाळेचा आठवडा तेव्हा रविवारी सुरू व्हायचा.

"इन्शाल्ला नको, मॅडम. आज. मी इथून थेट ड्युटीवर जाणार आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी गाडीचं दार स्वतः उघडलं आणि मुलीला म्हणाल्या, "यल्ला, चल." ती दप्तर घेऊन उतरली आणि मागे वळूनही न बघता आत गेली. मी गाडीत बसून रडले, मग लॅबला गेले.

संध्याकाळी वहिनींचा फोन. त्यांनी मुलीला युनिफॉर्ममध्ये परत येताना पाहिलं होतं. "अगं, एवढ्या साथीत शाळेत कशाला? आमच्याकडे पाठवायचीस की!"

"नको, वहिनी," मी म्हटलं.

पुढचं "असं कसं" येईल म्हणून मी सवयीनं थांबले. वहिनी म्हणाल्या, "बरं बाई, तुझी मर्जी." त्यांचा सुटकेचा श्वास मला फोनवर स्वच्छ ऐकू आला.

मुलगी पोळी खाता खाता माझ्याकडे बघत होती. "मम्मा, वॉज दॅट अ रिअल नो?"

"हो," मी म्हटलं. "हा खरा होता."