देवीची उजवी बाजू

मी सांगतोय आणि बायको लिहितेय, कारण माझं अक्षर मलाच लागत नाही. शाळा तिसरीत सुटली, तेव्हापासून रत्नागिरीत चिऱ्याच्या भिंती बांधत आलो. मग आखातात मिस्त्रीची नोकरी लागली. पगार अडीच हजार दिरम, पण राहायचं आपलं आपण बघायचं. बायकोला सोबत नेणार असं मी गावभर सांगून मोकळा झालो होतो. एका एजंटाने फोनवर खोली दाखवली, भाडं अठराशे. मी बोटं मोजली. उरले सातशे, म्हणजे आपले सोळा हजार! इतकी शिल्लक जन्मात पडली नव्हती. आगाऊ रक्कम त्याच संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. हिने दोन पाटल्या मोडून पैसे खात्यात भरले, आणि का कोण जाणे, मला आधी देवीला विचारावंसं वाटलं.

म्हणून गावदेवीला कौल लावायला गेलो. गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. ‘ही खोली घेऊ का’ म्हणून गाऱ्हाणं घातलं. ते पुरं होतंय तोच एक पाकळी पडली. मी "उजवी! उजवी!" करत नारळ फोडायला उठलोसुद्धा. गुरवाने हात धरला.

"मेल्या, ती तुझी उजवी. देवीची डावी."

"असं कसं? मला तर..."

"तू तिच्यासमोर उभा आहेस. तिकडून बघ."

मी फुगून बाहेर पडलो. देवी कधी आखातात गेलीय, असंही मनात आलं. सांगायला लाज वाटते, पण आलं. पैसे पाठवायचेच असं ठरवून मांडवीच्या धक्क्यावर बसलो, तर फोन उघडेना. सिमेंटने बोटं इतकी झिजलेली की फोनला माझी ओळखच पटत नव्हती, आकडेही उमटत नव्हते. शेजारी जाळीची टोपी घातलेले एक म्हातारे गरी टाकून बसले होते. म्हटलं, "चाचा, जरा आकडे दाबून देता?" कशाचे पैसे, त्यांनी विचारलं. मी ऐटीत सगळा हिशोब सांगितला. ते स्वतः बरीच वर्षं तिकडे राहून आले होते.

"तिकडे जेवणार की रोजे धरणार?" त्यांनी विचारलं.

माझ्या हिशोबात कोणी जेवतच नव्हतं! मग त्यांनी बसभाडं विचारलं, हिच्या व्हिसाचं विचारलं, माझ्या आईच्या औषधांचं विचारलं. सातशे चहा प्यायच्या आधीच संपले.

"पण चाचा, सोळा हजार होतात की!"

"इथे. पाव तिकडचा घ्यायचाय ना? तिकडून बघ."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तेच दोन शब्द. गुरव कुठे लपलाय का, म्हणून मी मागे वळूनही बघितलं. मागे नुसता समुद्र. चाचांनी शांतपणे सांगितलं: आधी घरचे पैसे बाजूला काढ, मग पोटाचे, मग बसचे, जे उरेल ते भाडं. उरलं ते सहा जणांच्या खोलीतल्या एका खाटेपुरतं. मी फोन खिशात घातला आणि त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांची माशांची बादलीच लवंडली.

हिला गावीच ठेवून दीड वर्ष त्या खाटेवर काढलं. खोलीत पाच जण घोरायचे, सहावा मी, सगळ्यांत मोठ्याने. मग पगार वाढला. या वेळी हिशोबात आधी जेवलो, आणि मग दोघांपुरत्या खोलीचा कौल लावायला हिला देवळात पाठवलं. तिचा फोन आला.

"पडली."

"कुठली?"

"उजवी."

"कुणाची?"

"तिची हो, तिची!"

तेव्हा हे रडले. मला ‘लिहू नको’ म्हणाले, तरी मी, त्यांची बायको, लिहितेय. आखातातल्या आमच्या खोलीत बसून लिहितेय, आणि हातातल्या नव्या पाटल्या वाजतायत. त्या दिवशीचे पैसे वाचले, त्यांतूनच त्या झाल्या. आता पुन्हा मीच सांगतोय: त्या चाचांचं मी नावही विचारलं नव्हतं. डावी-उजवी माझी आजही चुकते. फक्त आता काही ठरवायच्या आधी देवीला हात जोडतो आणि विचारतो, आई, तुझ्याकडून कसं दिसतंय?