आमच्याच तुळईखालून उठवलं

"यांना उठवा आधी. आणि ती चटई पण बाहेर टाका, रूमला वास लागतो."

माझ्या मायबद्दल बोलली ती. बोलली मात्र माझ्याशी. माय तिथंच भिंतीला टेकून बसलेली, तिला सगळं ऐकू येत होतं. बाईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मे महिना, दुपारचे दोन. बाहेर कुत्रंही दिसत नव्हतं. मायची सत्तरी उलटलेली, सकाळपासून दोनदा उलटी झालेली, अंग नुसतं फणफणत होतं. पण पुण्याहून पाहुणे यायचे होते आणि त्यांच्या खोलीत माझी माय बसली होती.

माय उठली. एक हात जमिनीला, एक भिंतीला. पदर सारखा केला आणि लेकीच्या वयाच्या त्या बाईला म्हणाली, "चुकनं बाई मनं. जास मी."

तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. पण चटई मीच गुंडाळली. मीच बाहेर टाकली. मागून फस्स करून आवाज आला, म्हणून वळून पाहिलं, तर बाई सुगंधाचा फवारा मारत होती. माय बसली होती नेमक्या त्या जागेवर.

ती खोली माझ्या हातची होती.

हे सांगायला मागं जावं लागेल. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठाला. माझा बाप, त्याला आम्ही आबा म्हणायचो, धाबी घालायचा. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली सागाच्या तुळया, त्यावर काड्या, काड्यांवर निंबाचा पाला, पाल्यावर चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर खारी माती. पांढरी, खारट. त्या मातीतून पाणी खाली उतरत नाही आणि ऊनही उतरत नाही. पण धाबं एका वर्षाचं असतं. दरवर्षी मिरगाच्या आधी वर नवी खार टाकावी लागते, नाहीतर पहिल्याच झडीत गळतं. माती कुठली घ्यायची हे आबा जिभेवर ठरवायचा. टेकाडावर जाऊन चिमूटभर तोंडात टाकायचा, थुंकायचा, पुढं सरकायचा. कुठंतरी थांबायचा आणि म्हणायचा, "आठे खंद." म्हणजे इथं खण.

गावात पहिला स्लॅब नानांनी टाकला. नाना म्हणजे गावातले मोठे जमीनदार. त्याआधी त्यांच्या वाड्यावरची खार वर्षानुवर्षं आबाच टाकायचा. मी पाचवीत होतो. आबा शाळेसमोरच्या घरावर चढलेला, हातात माती, आणि त्यानं ती जिभेला लावली. नाना पारावर बसलेले. सगळ्या पोरांदेखत मला म्हणाले, "तुना बाप माती खास का रे? मातीमा ऱ्हातस, मातीच खातस. डोकामा बी मातीच व्हई!"

पोरं हसली. मास्तरही हसले. त्या दिवसापासून दहावीपर्यंत माझं नाव मातखाऊ. आबा वरून खाली बघत होता. त्यानं ऐकलं होतं. तो परत कामाला लागला. मला नानांपेक्षा त्याचाच राग आला. लाज वाटली त्याची. आज सांगताना जीभ जड होते, पण वाटली होती.

आबा गेला. मी कमावता झालो, गवंड्याच्या हाताखाली जायचो. पहिलं काम काय केलं असेल? घरावरचं धाबं पाडलं. पत्रे आणले. नवे, चकचकीत, दुरून दिसतील असे. माय म्हणत होती, "नको रे भो, गार घर शे." मी ऐकतोय कसला! माझ्या डोक्यात ती मातीच बसलेली. तुळया नानांनी मागून घेतल्या, म्हणाले, जुनं लाकूड आहे, पडलं राहील गोठ्यात. मी खुशीनं बैलगाडीत भरून दिल्या. माती नदीच्या घळीत लोटली.

पत्र्याचं घर मे महिन्यात कसं असतं, ते पंख्याखाली बसून कळत नाही. दहा वाजल्यानंतर ताटलीला हात लावला की चटका. पंखा लावावा तर तोंडावर भट्टीची झळ, आणि लाइट गेली की तीही नाही. वर ओली पोती टाकतो, अर्ध्या तासात ती पापडासारखी कडक. नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं. ते प्यायचं की पोत्यांवर ओतायचं? माय खाटेखाली शिरून ओल्या फरशीवर पडायची आणि लहान पोरासारखी गाल फरशीला लावायची. मी बघायचो. हे मी केलं होतं, आणि कुणाच्या तरी हसण्यापायी केलं होतं.

मग मागच्या वर्षी नानांचा मुलगा आणि सून, म्हणजे तीच फवारा मारणारी बाई, पुण्याहून परत आले. शेतात पर्यटन केंद्र काढायचं म्हणाले. शहरातले लोक येतील, चुलीवरचं खातील आणि मातीच्या घरात झोपतील. एसी नको, माती आपोआप गार ठेवते, असं सून मला समजावून सांगत होती. मला! मी ऐकून घेतलं. काम पाहिजे होतं. गावात धाबं घालता येणारा मीच उरलेला, आबाच्या हाताखाली पाहून पाहून शिकलेला. टेकाडावर गेलो, माती जिभेला लावली. सून मोबाइलवर शूटिंग करत होती. "वॉव, परत एकदा करा ना." मी परत एकदा माती खाल्ली.

तुळया गोठ्यातून आल्या. आमच्या. मधल्या तुळईला लोखंडी कडी आहे, तिला माझा पाळणा टांगलेला असायचा. ती कडी मी माझ्या हातानं पाहुण्यांच्या पलंगाच्या बरोबर वर चढवली.

म्हणून त्या दिवशी मायला तिथं नेलं. खोली रिकामी होती, चावी माझ्याकडे होती, आणि घरात ती मरेल असं वाटलं. आत पाऊल टाकताच तिनं वर पाहिलं. कडी दिसली. 

"गार लागस रे भो," म्हणाली. "तुना बापनं काम शे हाई."

काम माझं होतं. पण मी ते आबाचंच राहू दिलं. घोटभर पाणी प्याली, ते पोटात राहिलं. चेहऱ्यावरचा लाल रंग जरा उतरला. तासभर बसली असती, ऊन कलेपर्यंत, तर पुढचं झालं नसतं. पण पाहुण्यांची गाडी लवकर येणार म्हणून बाई खोली बघायला आली.

घराकडे येताना हापशाजवळ ती कोसळली. रिक्षात घालून अमळनेरच्या सरकारी दवाखान्यात नेली. सलाईन लागलं, वाचली. डॉक्टर म्हणाले, गार जागेत ठेवा. मी मान हलवली. 

वाचली म्हणायचं एवढंच. अंग आलं, डोकं मागंच राहिलं. आता रोज दुपारी पत्रे कडकड वाजायला लागले की ती उठून बसते आणि पिशवी शोधते.

"चाल रे भो, घर जाऊत."

"घरच शे ना हाई, माय."

"हाई नही. आपलं घर. जठे कडी शे."

रोज. रोज दुपारी मला हे ऐकावं लागतं.  मी तिच्या पायावर ओलं फडकं टाकतो आणि ती माझ्याकडे परक्यासारखं बघते.

परवा नाना स्वतः आले. म्हातारे झालेत, पण आवाज तोच. दारातच थांबले. आतली झळ लागली तशी दोन पावलं मागं सरकले. "बाप रे, काय भट्टी शे रे!" म्हणाले. खाटेखाली माय पडलेली होती, तिच्याकडे त्यांची नजर गेली आणि लगेच हटली. मग कामाचं बोलले. मिरग जवळ आलाय, खार टाकायला ये. आणि रविवारीच ये. "पाव्हणासले दाखाडनं शे, तू माती चाखस ते."

पारावरचं हसू आठवलं. आबाचं वरून खाली बघणं आठवलं. आणि चटई आठवली, मी गुंडाळलेली. सगळ्यात जास्त चटईच आठवली.

"नाना, मी येवाव नही."

"मग कोण करी? तुनाशिवाय कोणले येस हाई काम?"

"कोणलेच नही."

नाना मजुरी वाढवून देतो म्हणाले, मग आवाज चढवला, मग आबाचं नाव काढलं. आबाचं नाव काढलं तेव्हा मी दार लावून घेतलं. पत्र्याचं दार आहे, आवाज मोठा होतो.

यानं काय होणार? मायची तब्येत सुधारणार नाही. माझे पत्रे थंड होणार नाहीत, त्यावर माती टाकावी तर खालच्या एकेरी विटा पेलणार नाहीत. मागच्या अंगणात मातीची एक खोली घालायला घेतली आहे, बाभळीची लाकडं लावून. कामावरून आल्यावर चार घमेली चिखल होतो. या उन्हाळ्यात ती होत नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माय राहील, असं मला वाटत नाही. तरी घालणार आहे.

आणि त्यांचं धाबं पहिल्या झडीत गळेल. पाणी आधी मधल्या तुळईवर उतरेल, मला माहीत आहे, उतार मीच काढलाय. आमची तुळई कुजेल. कडी गंजेल. आबाकडून शिकलो ते काम माझ्या डोळ्यांदेखत वाहून जाईल. मला काहीच वाटणार नाही, असं नाही. पण जिथून माझ्या मायला उठवलं, तिथं मी मातीचं एक घमेलंही टाकणार नाही.