पुड्यात उरलेलं मीठ

"मॅडम, अठ्ठावीस," मीटरला डोळा लावून इम्रान म्हणाला.

"पस्तीस," मी म्हणाले.

"अठ्ठावीसच आहे. तुम्ही बघा ना."

"मी कशाला बघू? सकाळीच बघितलंय."

राहात्याला आमच्या हॉलमध्ये दोनशे लिटरची काचेची टाकी. टाकीशेजारी बादली, बादलीत तीन फुगलेल्या पिशव्या. दोन पिशव्यांत एकेक क्लाउनफिश, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. तिसरीत लाल पाठीचा, लांब मिशांचा एक झिंगा. तिघं मुंबईहून पुण्याला आणि तिथून इम्रानच्या गाडीत बसून राहात्याला आले होते. इम्रान म्हणजे पुण्याचा मासेवाला. पिशव्यांतला ऑक्सिजन संध्याकाळपर्यंत पुरणार होता आणि आता दुपारचा एक वाजला होता.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्याला सॅलिनिटी म्हणतात. हे तिघं पस्तीसच्या पाण्यातून आले होते. अठ्ठावीसमध्ये सोडले तर मासे कदाचित निभावून नेतील, पण झिंगा पहिल्या तासातच उताणा होईल, असं इम्रान म्हणत होता. म्हणून त्यानं हात बांधून ठेवले होते. आणि मी "सोड रे बाबा सोड" म्हणत त्याच्या डोक्यावर बसले होते.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आज राहात्यापासून शिर्डीपर्यंत हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या मिळून नऊ खाऱ्या टाक्या मी सांभाळते. तेव्हा मात्र मी तरुण होते, साठ वर्षांची. चौतीस वर्षं शुगर फॅक्टरीच्या लॅबमध्ये काढून नुकतीच रिटायर झालेली. ज्ञान डोक्यात मावत नव्हतं, ते कानांतून सांडत होतं. शिर्डीच्या एका हॉटेलात खाऱ्या पाण्याची टाकी बघितली आणि घरी येऊन जाहीर केलं, आपल्याकडे समुद्र आणायचा.

आमचे हे पेरूच्या बागेतून नुकतेच आलेले. म्हणाले, "आणा की. पन ठिवनार कुठं?"

इम्रान फोनवर सगळं समजावून सांगायचा. समुद्राचं तयार मीठ पुड्यात मिळतं, आपलं स्वयंपाकाचं चालत नाही. आमच्या बोअरचं पाणीही चालत नाही, ते किचनमधल्या आरओतून काढावं लागतं. चार दिवस घागरी-बादल्या भरून मी ते जमवलं. मग पाण्यात मीठ, मीठ विरघळल्यावर दगड, आणि त्यानंतर महिनाभर थांबायचं. याला सायकलिंग म्हणतात. माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया आधी दगडांवर वस्ती करतात, मग मासे आणायचे.

तो महिना मी टाकीसमोर खुर्ची टाकून काढला. गल्लीतल्या बायका यायच्या, वाकवाकून बघायच्या.

"काकू, मासे कुठंत?"

"येणारेत."

"मग तुम्ही काय बघताय?"

"बॅक्टेरिया."

"दिसत्यात?"

"मला दिसतात."

हे तर पाहुण्यांना दारातूनच सांगायचे, "आत या, आमच्या हिनं पानी पाळलंय."

इम्राननं एकदा फोनवर विचारलं होतं, "मॅडम, सॅलिनिटीचं मीटर पाठवू का?" त्यावर मी जे हसले ते आठवलं की आज मला माझीच लाज वाटते. म्हणाले, "इम्रान, मी चौतीस वर्षं रिफ्रॅक्टोमीटरमध्ये डोळा घालून बसलेय. माझ्याकडे स्वतःचं आहे." आणि खरंच होतं. सेंडऑफला लॅबच्या पोरांनी मखमली डबीत घालून दिलेलं. उसाच्या फडात नेतात ते, हातात मावणारं, छोट्या दुर्बिणीसारखं. काचेवर थेंब टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे तोंड करून बघायचं. आत निळा-पांढरा पडदा दिसतो. पडदा जिथे संपतो, ते रीडिंग.

पस्तीस ग्रॅम हजारात, म्हणजे साडेतीन टक्के. मी थोडं थोडं मीठ टाकत गेले आणि काटेकोर साडेतीनला हात आवरला. दोनशे लिटरसाठीचा पुडा, तरी त्यातला पाचवा हिस्सा शिल्लक. ह्यांना म्हणाले, "बघा. कंपनी पण मापात चुकते. आपला हात चुकत नाही."

तर आता हॉलमध्ये दोन मीटरं समोरासमोर. दिसायला अगदी जुळी.

"तुझं मीटर कधी पडलंय का रे?"

"नाही मॅडम. तुमचं?"

"माझं मखमलीत असतं."

इम्रान हुशार. म्हणाला, "डिस्टिल्ड वॉटर आहे का? दोन्हीवर शून्य बघू." इन्व्हर्टरसाठी आणलेली बाटली होती. थेंब टाकला. त्याचं शून्य, माझंही शून्य.

"दोन्ही बरोबर," इम्रान म्हणाला.

"दोन्ही कशी बरोबर असतील?"

हे म्हणाले, "कोर्टात असंच असतं."

मी मोबाईल उचलला. मागच्या गल्लीत निकम साहेब राहतात, आमचे रिटायर्ड चीफ केमिस्ट. नोकरीभर मी त्यांच्याशी पॉइंट-एकवरून भांडले, आणि बहुतेक वेळा जिंकले. आज ते माझ्या बाजूनं बोलणार याची मला खात्री होती.

"साहेब, एका रीडिंगचा वाद आहे. लगेच या."

"पाय पाण्यात आहेत हो बाई. पुसून येतो."

आले. झुपकेदार मिशा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपलेत ओले पाय. आधी इम्रानच्या मीटरमधून बघितलं. मग माझं हातात घेतलं, पण डोळ्याला लावलंच नाही. चष्मा वर करून नुसतं उलटसुलट फिरवलं.

"खरात बाई, आपल्या लॅबच्या भिंतीवर एक पाटी होती. कुणी लावली होती हो?"

"मीच." ट्रेनी पोरांसाठी मी स्वतः रंगवली होती.

"काय लिहिलं होतं?"

"मीटरला डोळा लावण्याआधी मीटरवर काय छापलंय ते वाचा."

"मग वाचा."

मी वाचलं. ब्रिक्स.

ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचा टक्का. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण साठ वर्षांच्या त्या खरात बाईला वाटलं, टक्का तो टक्का, साखरेचा काय नि मिठाचा काय. पाण्यात काही विरघळलं की त्यातून जाणारा उजेड वाकतो, आणि किती वाकला त्यावरून मीटर टक्का सांगतं. पण तेवढ्याच वजनाचं मीठ साखरेपेक्षा उजेड जास्त वाकवतं. त्यामुळे अठ्ठावीस ग्रॅमलाच माझं मीटर साडेतीन टक्के दाखवत होतं. एखाद्या ट्रेनीनं हे केलं असतं तर मी त्याला आठवडाभर बाटल्या धुवायला लावलं असतं.

निकम साहेब खुर्चीत बसले आणि हसायला लागले. हसताना त्यांचा आवाज येत नाही, फक्त पोट हलतं. ते पाच मिनिटं हलत होतं. मग इम्रान हसला. हे कशाला हसले कुणास ठाऊक, ब्रिक्स त्यांना माहीत नाही. शेवटी मीच एवढी हसले की पदर डोळ्यांना लावून खाली फरशीवर बसले.

आधी सावरला तो इम्रान. "मॅडम, मीठ पाहिजे. पाचवा हिस्सा कमी आहे. पुडा उरला असेल ना?"

"उरला होता."

"कुठंय?"

मी निकम साहेबांच्या ओल्या पायांकडे बघितलं.

साहेबांचं पोट हलायचं थांबलं. "बाई! गेल्या आठवड्यात दिलंत ते? गुडघ्यापर्यंत शेक घ्या म्हणालात, ते हे?"

"शुद्ध समुद्राचं आहे, असं सांगितलं होतं की मी."

"आत्ताच मूठभर टाकून आलोय!"

"राहिलंय किती?"

साहेब उठले. गुडघेदुखीचा माणूस, पण चपला तिथेच टाकून अनवाणी निघाला. हे मागून ओरडले, "साहेब, टबातलं पन आना!"

पुडा आला. शेकात सात-आठ मुठी गेल्या होत्या, बाकी शाबूत. टाकीतलंच पाणी बादलीत काढून मी त्यात मीठ विरघळवलं आणि तांब्या-तांब्यानं परत ओतलं. टाकीत अजून कुणी राहत नव्हतं म्हणून घाईनं ओतता आलं. मासे असते तर हेच काम कित्येक दिवस पुरवावं लागलं असतं. पंप चालू ठेवला. दीड तास आम्ही चौघं चहा पीत पाण्याकडे बघत बसलो, आणि या वेळी काय बघताय असं कुणी विचारलं नाही.

मग रीडिंग घेतलं. इम्रानच्या मीटरवर.

"चौतीस," तो म्हणाला. "चालेल."

"एक कमी का?" निकम साहेबांनी विचारलं.

"तो तुमच्या गुडघ्यांत गेला," मी म्हणाले.

पिशव्या उघडल्या. बारीक नळीनं टाकीचं पाणी त्यांच्या पाण्यात थेंब थेंब सोडलं, सवय व्हावी म्हणून. साडेचारला दोन्ही मासे टाकीत गेले आणि जागा आपल्याच बापाची असल्यासारखे हिंडायला लागले. झिंगा सर्वांत शेवटी. सोडल्याबरोबर तो दगडामागे गेला तो दिसेनाच. मी काचेला नाक लावून बसले. इम्रानला पुण्याला परतायचं होतं, तरी तोही हलला नाही.

वीस मिनिटांनी दगडाच्या कडेनं एक पांढरी मिशी आली. मग दुसरी. मग झिंगा पूर्ण बाहेर आला, दगडावर चढला आणि मिशा हलवत आम्हा सगळ्यांकडे बघायला लागला.

"लई मिशा हायेत की," हे म्हणाले. "दुसरा साहेबच हाय."

त्याचं नाव साहेबच पडलं. साहेब पुढे दोन वर्षं जगला. टाकीत बोट घातलं की येऊन नखं साफ करून द्यायचा. मासे आजही आहेत. निकम साहेबही आहेत आणि आले की आधी विचारतात, "बाई, ब्रिक्स किती?"

मी सॅलिनिटीचं मीटर घेतलं. सेंडऑफचं मखमलीच्या डबीत आहे, आमचे हे त्यावर पेरूचा गोडवा बघतात. नवीन टाकी लावणारा कुणी फोन करून "मॅडम, पाणी एकदम परफेक्ट झालंय" असं सांगतो, तेव्हा मी त्याला रीडिंग विचारत नाही. एवढंच विचारते, "पुड्यात मीठ किती उरलंय?" बरंच उरलं असेल तर म्हणते, "कुणाला देऊ नका. मी निघालेच."