तीन महिने शेजारी-शेजारी

गल्लीत त्याला सगळे बंदचालू म्हणायचे. कुणाचा काँप्युटर अडला, कुणाचा फोन रुसला, की त्याचा पहिला सल्ला ठरलेला, "बंद करून चालू करून बघा." दहापैकी सात वेळा तेवढ्यानं भागायचं. सॉफ्टवेअरचा सल्लागार म्हणून गेली पंचवीस वर्षं तो मोठमोठ्या कंपन्यांनाही साधारण हेच सांगत आला होता. फक्त तिथे सांगायला तो दोन तास घ्यायचा, पडद्यावर चाळीस चित्रं दाखवायचा आणि गळ्यात टाय अडकवायचा.

त्याचं ऑफिस म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या शिवणकामाच्या दुकानामागची खोली. मध्ये लाकडी फळ्यांची भिंत, तीही कागदासारखी पातळ. इकडे तो लॅपटॉपसमोर बसून लांबच्या साहेबांशी बोलत असायचा, तिकडे ताईचं मशीन घरघरत असायचं. साहेब विचारायचे, हा कसला आवाज? हा पठ्ठ्या गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "आमचा सर्व्हर आहे." तसं ते अगदीच खोटं नव्हतं. आईवडलांच्या मागे त्याचं सगळं शिक्षण त्याच मशीनवर चाललं होतं.

त्याच्याकडे एक जाडजूड वही होती. बाजारात जे जे नवं फॅड येई त्याचं नाव तो तीत लिहायचा. पुढे दोन रकाने, जन्म आणि मृत्यू. सगळं ढगात ठेवा म्हणणारे येऊन गेले, मग ढगातून खाली आणा म्हणणारे आले. प्रत्येक गोष्टीला घड्याळ जोडणारे आले, प्रत्येक घड्याळाला गोष्ट जोडणारेही आले. हल्ली बोलक्या यंत्रांची चलती होती. एका बिस्किटवाल्या साहेबांना तर आपल्या भट्टीनं आपल्याशी गप्पा माराव्यात असं वाटत होतं. बंदचालूनं त्यांना विचारलं, "भट्टीनं नेमकं काय बोलावं अशी इच्छा आहे?" साहेबांनी ते ठरवायला समिती नेमली. मृत्यूच्या रकान्यात त्याला कधी कधी "पुन्हा जिवंत" असंही लिहावं लागे, कारण तीच गोष्ट सात-आठ वर्षांनी नवं नाव घेऊन हसतमुखानं दारात उभी राहायची.

त्याच्या सगळ्या युक्त्यांत खरी मोलाची एकच होती. "नवं आणलंत म्हणून जुनं लगेच बंद करू नका. तीन महिने दोन्ही शेजारी-शेजारी चालू द्या." हे वाक्य तो दिवसातून दोनदा तरी फोनवर म्हणायचा. साहेब लोक मान डोलवायचे आणि दुसऱ्याच दिवशी जुनं फेकून द्यायचे. मग चौथ्या दिवशी त्यांचा रडवेला फोन यायचा.

आणि एवढं सगळं कळत असून स्वतःच्या घरात मात्र त्यानं माती खाल्ली.

झालं असं की ताईच्या मापांची वही फार जुनी झाली होती. तीस वर्षांची गिऱ्हाइकं त्या एका वहीत. नुसती मापं नव्हती, शेजारी ताईच्या टिपाही होत्या. "उजवा खांदा अर्धा बोट खाली." "बसल्यावर पोट सुटतं, पण तिला सांगायचं नाही." ताईला आपण एक छानसं ॲप करून द्यायचं असं त्याच्या मनानं घेतलं. दोन आठवडे खपून त्यानं सगळी वही त्यात उतरवली. मग त्याच्यातला सल्लागार जागा झाला आणि त्यानं सफाई काढली. एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी असतील तर जुनी पुसायची, नवी ठेवायची. यंत्रानं चुटकीसरशी एकशेबारा नोंदी उडवल्या. हा खूश! त्याच भरात त्यानं ती वही उचलली आणि दाराजवळच्या रद्दीच्या पेटीत टाकली. घरच्या घरात कसले आलेत तीन महिने?

ताई नुसती "बरं" म्हणाली. तिचं "बरं" तो लहानपणापासून ओळखून होता, पण त्या दिवशी स्वारी हवेत होती.

त्या ॲपवरून ताईनं शिवलेला पहिला कपडा म्हणजे लग्नाचा झगा. नवरी पोहणं शिकवणारी, शाळेच्या मुलांना घेऊन तीन आठवडे स्पर्धेला गेलेली. शनिवारी सकाळी येणार आणि अकराला लग्न. कच्ची शिलाई घालून बघायला वेळच नव्हता, म्हणून सगळी भिस्त मापावर. झगा न्यायला गुरुवारी दुपारी तिची जुळी बहीण आली. ही शहरबस चालवायची, गणवेशातच होती.

"ताई, एकदाच घालून बघू? तिला सांगू नका हं!"

"बघ की."

ती पडद्याआडून बाहेर आली आणि आरशासमोर गिरकी घेतली. झगा असा बसला होता की कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. बंदचालू मागच्या खोलीतून डोकावून कौतुकानं बघत होता. तेवढ्यात ती थांबली.

"पण ताई, हा मला कसा काय बसला? तिचे खांदे केवढे आहेत! माझा एकही कपडा तिच्या दंडाच्या वर चढत नाही."

बंदचालूनं धावत जाऊन ॲप उघडलं. दोघींचं आद्याक्षर आणि आडनाव तेच, जन्म एकाच दिवशीचा, घर एक, फोनही घरचा एकच. यंत्राला वाटलं, बाई एकच. त्यानं नवरीची नोंद पुसली आणि गेल्या महिन्यात गणवेश शिवून घेतलेल्या बहिणीची ठेवली. नोंदींची जी प्रत बंदचालूनं जपून ठेवली होती, तीही सफाईनंतरची. वही रद्दीत, आणि रद्दीची गाडी सोमवारीच येऊन गेलेली.

बहिणीनं फोन लावून पाहिला, पण नवरीचा फोन दिवसभर तलावाकाठच्या कपाटात. "तिथल्या कुणाकडून तरी मापं घेऊ या," तो घाईघाईनं म्हणाला. ताईनं मान हलवली. "फीत धरणारा हात बदलला की माप बदलतं. दुसऱ्याच्या मापावर मी कात्री लावत नाही."

तीस वर्षांत ताईच्या दुकानातून गेलेला एकही कपडा परत आला नव्हता. आणि आता भर लग्नात नवरी अर्ध्या झग्यात अडकून बसणार! त्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

"ताई, माझी चूक आहे. सफाईच्या नादात मीच तिला पुसून टाकलं," तो म्हणाला. आवाज पार खाली गेला होता.

ताई खाली वाकली, मशीनच्या खणातून वही काढली आणि टेबलावर ठेवली. तीच वही!

"ही... ही तर मी रद्दीत..."

"तू टाकलीस, मी काढली. वीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय, जुनं लगेच बंद करू नका, तीन महिने शेजारी-शेजारी. ते काय फक्त साहेब लोकांसाठी होय?"

"मग कापताना वही का नाही बघितलीस?"

ताई झग्याचा खांदा उलटा करून बघत होती. "हात अडखळला होता माझा. म्हटलं, एवढासा कसा खांदा? पण एवढ्या हौसेनं केलंयस. पहिल्याच दिवशी वही काढून पडताळत बसायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मापं तुझीच धरली आणि आत माया दुप्पट सोडली." तिनं शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड उलगडून दाखवलं. चांगलं तीन बोटं होतं.

त्याला एकदम भरून आलं. पंचवीस वर्षांत त्याचा सल्ला अक्षरशः पाळणारं एकच गिऱ्हाईक निघालं, तेही फुकटातलं.

गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारचा दिवस तो ताईशेजारी बसून टाके उसवत होता. साहेबांचे फोन आले, तर "सर्व्हर दुरुस्तीला काढलाय" म्हणून मोकळा झाला. शनिवारी सकाळी नवरी ओल्या केसांनी धापा टाकत आली, झगा चढवला आणि खात्री करायला म्हणून दोन्ही हात पोहल्यासारखे गरागरा फिरवले. एक टाका हलला नाही. दोघी बहिणी ताईच्या गळ्यात पडल्या. बंदचालूच्या पाठीतही बसचालक बहिणीनं असा काही धपाटा घातला की तो टेबलावर आपटला.

सगळे गेल्यावर त्यानं आपली जाडजूड वही काढली आणि नवी ओळ लिहिली. ताईचं ॲप. जन्म, या महिन्याची दोन तारीख. मृत्यू, गुरुवार दुपार.

ताईनं चष्म्यावरून वाचलं, त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि शेवटचे शब्द खोडले.

"मेलंय कुठे? तीन महिने होऊ देत की. त्या दोघींना आधी वेगळं कर बघू."