'येतो' नावाचं बटण

"सुनंदा गेली रे..." फोनवर दादा एवढंच म्हणाला. लाखनीच्या माझ्या दुकानात मी तेव्हा सुनंदावहिनीचीच फाइल उघडून बसलो होतो. संध्याकाळपर्यंत ती पाठवायची होती, आणि तिचा एक शब्द अजून अडला होता.

वहिनी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहायची. गाव वसवण्याचा एक मोफत संगणक-खेळ आहे, त्यात कोणीही हातभार लावू शकतं. पुतणी मिनू तो खेळायची, म्हणून वहिनीनं तो मराठीत आणायला घेतला. भाषांतर तिचं, आणि सगळ्या ओळी जोडून खेळाला वाचता येईल अशी फाइल बांधायचं काम माझं. एखादं अवतरणचिन्ह सुटलं की फाइल बांधली जायची नाही, मी चिडायचो. "चिडता काहून भाऊजी, चूक तर माही हाय!" म्हणून ती वर हसायची.

खेळातून बाहेर पडायच्या बटणावर तिनं 'येतो' लिहिलं. खेळाची भाषांतरं तपासणाऱ्या पुण्याच्या तपासनिसांनी शेरा मारला, 'बाहेर पडा' हवं. शिवाय 'येतो' पुल्लिंगी, मुलींनी काय दाबायचं? झालं, ओळ संशयित ठरली. अशी ओळ फाइल बांधताना गळते आणि तिथे इंग्रजीच दिसतं. वहिनी तेव्हा भंडाऱ्याला दवाखान्यात होती. "वहिनी, एका शब्दासाठी कशाला जीव काढता?" असं मी म्हणालो मात्र, ती उठूनच बसली. "आपल्याकडे बायाबी येतोच म्हनतेत! बाहेर पडा तर आपण भांडणात म्हनतो, भाऊजी..." तिला दम लागला, तरी बोट माझ्यावर रोखलेलंच. "माह्या मिनूले तिथं येतोच दिसलं पाह्यजे."

दुकान बंद करण्याआधी मी तपासनिसांना लिहिलं, 'हा शब्द जिचा, ती आज गेली. आमच्याकडे बायकाही असंच म्हणतात.' क्वार्टरवर पोचलो तर अंगणात माणसं जमलेली. मी तिच्या संगणकासमोर जाऊन बसलो. लोकांना काय वाटायचं ते वाटो! तपासनिसांनी शेरा काढला होता, पण फाइल बांधली जाईना. बाहेरून "चला, उशीर होऊन राहिला" अशी हाक आली. मी एकेक ओळ पुन्हा वरून तपासत गेलो. शेवटी सापडलं... एक अवतरणचिन्ह सुटलं होतं, नेहमीसारखंच. ते घातलं, फाइल गेली, आणि मग मी खांदा द्यायला उठलो.

परवा मिनू त्याच संगणकावर खेळत होती. दादानं जेवायला हाक मारली, तशी तिनं 'येतो' दाबलं. खेळ बंद झाला. पोरगी उठली नाही. तिनं खेळ पुन्हा सुरू केला, एक घरही बांधलं नाही, आणि परत तेच बटण दाबलं.